गुरुजी, तुम्ही त्या गोष्टीतले बाप नाहीत

गुरुजी माझ्याकडं पहिल्यांदा आले ते २०२३ च्या सप्टेंबरात. उपासना संपली होती, लोकं चपला घालून निघत होते अन् हे मागंच रेंगाळत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, दोन मिनिटं." दोन मिनिटांचे पावणेदोन तास झाले. मी नर्स म्हणून रिटायर झालेली बाई, नंतर समुपदेशनाचा एक कोर्स केला, त्यामुळं मंडळीतली लोकं घरातल्या भानगडी घेऊन माझ्याकडं येतात, फी-बी काही नसते. हे प्रकरण गुरुजी, मावशी (म्हणजे त्यांची बायको) अन् मुलगा तिघांना विचारून लिहितेय. गाव, ऑफिस अन् काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, भांडण मात्र आहे तसंच ठेवलंय, ते बदललं तर लिहायला उरतंच काय.

तर गुरुजी तेव्हा ६४ वर्षांचे. जालना जिल्ह्यातलं गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०१७ ला रिटायर, मंडळीचे खजिनदार, पेटी वाजवतात, पाळकसाहेब गावाला गेले तर उपासनाही चालवतात. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मुलगा नांदेडला सरकारी ऑफिसात क्लार्क. अन् ह्या मुलाशी साडेपाच वर्षं एक शब्द नाही. नातीला बघितलेलं नाही, ती तेव्हा दोन वर्षांची झालेली. गुरुजी सगळं सांगत होते पण मुलाचं नाव काही घेत नव्हते, "तो" म्हणायचे, नाहीतर "नांदेडवाला".

भांडण समजायला थोडं मागं जावं लागंल. जालन्याकडं ख्रिस्ती माणूस काल-परवाचा नाही, एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या पाळक नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली तेव्हापासूनची घराणी आहेत इकडं. (शेषाद्रींच्या घरात काय झालं होतं तेही ह्या प्रकरणाला लागू पडतं. १८४३ ला नारायण ख्रिस्ती झाले, धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्या मागं मिशनऱ्यांकडं गेला, तो वयानं लहान म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं अन् मग त्याला जातीत परत घ्यायचं का नाही ह्यावर मुंबईत केवढा वाद पेटला, बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. एक लेक इकडं अन् एक तिकडं. आपल्याकडं हे असंच चालत आलंय.) नंतर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली अन् मराठवाड्यातही एकाच भावकीत काही घरं बौद्ध झाली, काही ख्रिस्तीच राहिली. गुरुजींचं घर ख्रिस्ती राहिलं, त्यांच्या वडलांचा सख्खा भाऊ बौद्ध झाला.

मुलगा शिकायला औरंगाबादला गेला, तेव्हा शहराचं नाव तेच होतं. तिथं नागसेनवनात, बाबासाहेबांच्या मिलिंद कॉलेजच्या परिसरात, मित्र झाले, वाचायला लागला, अन् २०१४ च्या आसपास त्यानं ठरवलं की आपण बौद्ध. रीतसर दीक्षा घेतली, मग जातीचा दाखला काढला, अन् २०१७ ला राखीव जागेतून नोकरी लागली. इथं कायद्याचं एक कलम मधे येतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती माणसाला तो अजूनही नाही. म्हणजे एकाच आज्याची दोन नातवंडं, एक बौद्ध अन् एक ख्रिस्ती, वस्ती तीच, हेटाळणी तीच, पण दाखला एकालाच. हे बरोबर का चूक त्यात मी इथं शिरत नाही, मला जे वाटतं ते वाटतं, पण घराघरात ह्या कागदापायी काय काय होतं ते मी बघितलंय.

गुरुजींचं म्हणणं, पोरानं नोकरीसाठी येशूला सोडलं. पोराचं म्हणणं, मी आधी सोडलं, नोकरी नंतर आली. दोघंही तारखा सांगायचे, अगदी वकिलासारखे.

फेब्रुवारी २०१८. भावकीतलं लग्न, मांडवात पंगत बसलेली, कोणीतरी सहज म्हणलं, गुरुजी, पोराला नोकरी लागली, पेढे कुठंत? अन् गुरुजींनी वाढता वाढता पैशासाठी येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं, यहूदाचं, नाव घेतलं, मोठ्यानं बोलले, "यहूदाला तीस नाणी एकदाच मिळाली होती, आमच्याला दर महिन्याच्या एक तारखेला मिळतात."

लोकं हसली.

मुलगा ताटावरून उठला अन् मोटरसायकल काढून गेला. पुढच्या सहा वर्षांत त्यानं आईला, बहिणीला, मला जे काही सांगितलं त्यात एक गोष्ट दर वेळी यायची, ते वाक्य नाही, ती लोकं हसली ती. गुरुजींनी मात्र मला पहिल्या भेटीत हा प्रसंग सांगितला तेव्हा हसण्याचा भाग गाळला होता. तो मला मावशींकडून कळला.

त्यानंतर काय काय झालं ते पटपट सांगते. गुरुजी रोज पहाटे पाच वाजता पोराला व्हॉट्सॅपवर वचन पाठवायचे, बहुतेक वचनं आईबापाचा मान राखण्याची नाहीतर न्यायाच्या दिवसाची, पोरानं ब्लॉक केलं, मग दुसऱ्या नंबरवरून पाठवली, तोही ब्लॉक. २०१९ च्या डिसेंबरात त्याचं लग्न झालं, मुलगी बौद्ध, पत्रिका आली होती, गुरुजींनी पाकीट न फोडता कपाटात ठेवलं. दर रविवारी मंडळीत "भटकलेल्या लेकरासाठी" प्रार्थनेची विनंती, आधी नाव घेऊन अन् नंतर नाव न घेता, पण गावात नाव न घेतल्यानं काय झाकतंय, चुलतभावांकडून ते दर सोमवारी नांदेडला पोचायचंच. अन् भावकीतल्या एकानं सल्ला दिला की ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज टाका, महिना दहा हजारापर्यंत मिळतात, पोरगं आपोआप हजर होतंय. मी म्हणलं, गुरुजी, तो कायदा ज्याला स्वतःच्या कमाईवर अन् मालमत्तेवर भागवता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी आहे, तुम्हाला जुनी पेन्शन आहे, अन् समजा मिळाले दहा हजार तर तुम्ही त्यांचं करणार काय? ते गप्प बसले. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी बिनधास्त जावं तिथं, पण पोराला भेटायला मिळावं म्हणून अर्ज टाकायचा म्हणजे समन्सलाच निमंत्रण समजायचं झालं.

मावशींबद्दल लिहायचं राहिलं अन् ते असं राहूनच जातं. त्या पोराशी फोनवर बोलायच्या, चोरून, शेजारणीच्या फोनवरून, गुरुजी पेटीचा सराव करायला देवळात गेले की. नातीचा फोटो त्यांनी पिठाच्या डब्यात ठेवलेला होता. अन् एक गोष्ट त्यांनी मला चौथ्या-पाचव्या भेटीत सांगितली, ती ऐकून मी हादरले. दोन वर्षं झाली, त्या प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली ती भाकर अन् प्याला, घेत नाहीत. मत्तयात प्रभू म्हणतो ना, वेदीपाशी दान आणलंस अन् तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्यांनी ते स्वतःला लावून घेतलं. रांग लागली की त्या गुडघा दुखतोय म्हणून मागच्या बाकावर बसून राहायच्या. नवरा भाकर-प्याल्याच्या ताटाशेजारी उभा, अन् त्याला हे दोन वर्षांत दिसलं नाही.

माझी एक चूक इथं लिहून ठेवते. नोव्हेंबरात मी मुलाला सरळ फोन केला, गुरुजींच्या सांगण्यावरून. मला वाटलं मी गोड बोलते, ऐकंल. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही बी त्याच पार्टीच्या. त्यांना मला आणायचंय, भेटायचं नाही," अन् ठेवला. बरोबर होता तो. मी निरोप्या झाले होते अन् निरोप्या एकाच बाजूचा असतो. त्यानंतर मी ठरवलं की पोराच्या बाजूनं काही करायचं नाही, जे काही काम आहे ते गुरुजींच्या खुर्चीतच.

मग आम्ही घराण्याचा नकाशा काढला, मोठ्या कागदावर, कोण कोणाशी बोलत नाही त्याच्या तुटक रेघा. तिथं ते वर आलं. १९५६ नंतर गुरुजींचे वडील अन् चुलते ह्यांचं बोलणं जे तुटलं ते मरेपर्यंत. विहीर सामाईक, पण एक घर सकाळी पाणी काढणार, दुसरं संध्याकाळी. १९७२ च्या दुष्काळात गुरुजी तेरा वर्षांचे, दोन्ही घरं एकाच रोजगार हमीसारख्या कामावर खडी फोडायला, तिथं सुकडी वाटायचे. एक दिवस चुलत्यानं आपल्या वाट्याची सुकडी ह्या पोराच्या हातावर ठेवली. पोरानं खाल्ली. वडलांनी बघितलं अन् संध्याकाळी स्वतःच्या वाट्याची सुकडी त्याच्याच हातानं परत पाठवली, म्हणजे त्या रात्री बाप उपाशी. गुरुजींनी हे सांगितलं अन् म्हणाले, "आमच्या घरात विश्वास असा राखलाय सिस्टर." मी विचारलं, चुलते काय म्हणले तुम्ही परत घेऊन गेलात तेव्हा? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काही नाही. मला परत घास भरवायला लागले. मी पळालो."

मला तिथंच वाटलं की हे नुसतं येशूला सोडल्याचं दुखणं नाही. पोरगा विहिरीच्या पलीकडच्या बाजूला गेला, हे दुखणं आहे.

आता ती उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकटा पोरगा वाटा घेऊन जातो, सगळं उधळून परत येतो, अन् बाप त्याला मिठी मारून मेजवानी देतो. मुलं दुरावलेल्या प्रत्येक ख्रिस्ती आईबापाला मंडळी ही गोष्ट देते, वाट बघा, दारात उभे राहा, येईल. चांगलीच गोष्ट आहे. पण ती हातात घेताना आपण एक काम गुपचूप करून टाकतो, बापाची जागा आपली धरतो. अन् लूकच्या त्या १५ व्या अध्यायात बाप म्हणजे कोण हे आपल्याला चांगलं माहीत असतं, मग देवाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून आपण बसायचं का तिच्यात? गुरुजी घरप्रार्थनेत हा उतारा नेहमी वाचायचे अन् २४ व्या ओवीला थांबायचे, हरवला होता तो सापडला आहे, आमेन. मी म्हणलं, आज पुढं वाचा. शाळेतल्या आवाजात वाचायला लागले. थोरला शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, रागावतो, आत जात नाही. मग २९ वी ओवी, इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, अन् मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत.

मी म्हणलं, "गुरुजी, मला वाटतं तुम्ही ह्या गोष्टीतले बाप नाहीत. तुम्ही हा आहात."

चिडले. चष्मा घडी करून खिशात घातला अन् गेले, तीन आठवडे आले नाहीत, देवळात दिसले तरी "जय ख्रिस्त" एवढंच. मला वाटलं प्रकरण संपलं. चौथ्या आठवड्यात संध्याकाळी आले, पाणी पण नको म्हणले, अन् ऐंशीच्या दशकातली एक हकीकत सांगितली जी त्यांनी मावशींनाही नीट सांगितली नव्हती. डीएड झालं होतं, नोकरीचा अर्ज घेऊन गेले, एका क्लार्कनं समजावलं की धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, जात लिहा, दाखल्याचं बघू, ऑर्डर लगेच. ह्यांनी ख्रिस्ती लिहिलं. नोकरी दोन वर्षं लांबली, त्या दोन वर्षांत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, त्यात काय मोठं, तेच करायचं असतं. बस. मंडळीत कोणी पाठ थोपटली नाही, कोणाला माहीतच नव्हतं. "अन् माझ्या पोरानं एक फॉर्म भरला," गुरुजी म्हणाले, "अन् सगळं त्याला मिळालं. पेढे पण मला वाटायला सांगतात."

करडू. ते करडू चाळीस वर्षं मिळालेलं नव्हतं अन् त्याची वसुली त्या पंगतीत झाली होती.

मी म्हणलं, तुम्ही दिलेली किंमत खरी आहे, देवाला माहीत आहे, पण ती पोरानं घेतलेली नाही, त्याच्याकडं मागू नका. हे एवढं बोलायला मला चार महिने लागले होते.

२०२४ चा उपवासकाळ १४ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी सुरू झाला. गुरुजी दर वर्षी चाळीस दिवस एक वेळ जेवतात. मी म्हणलं, ह्या वर्षी दोन्ही वेळ जेवा, शुगर आहे तुम्हाला, त्याऐवजी शंभर पानी वही घ्या अन् रोज पोराबद्दल एक गोष्ट लिहा, पण वचन लिहायचं नाही, सल्ला नाही, अन् "तो" लिहायचं नाही, नाव लिहायचं. पहिल्या आठवड्यात वहीत फक्त शाळेचे मार्क होते. मग हळूहळू दुसरं यायला लागलं. चौथीत असताना त्याला कुत्रं चावलं अन् चौदा इंजेक्शनाच्या भीतीनं तो कडब्याच्या गंजीत लपून बसला. मोसंबी सोलताना आधी साल हुंगतो. पेटीचा काळी दोनचा सूर लागत नव्हता तो त्यानं दुरुस्त केला. त्याच काळात मी पाळकसाहेबांशी बोलले अन् रविवारची ती "भटकलेल्या लेकराची" विनंती बंद झाली, काही जणांना ते आवडलं नाही, एक बाई म्हणल्या, प्रार्थना बंद करायला सांगते ही कसली ख्रिस्ती. घरी करा की, दार लावून, प्रभूनंच सांगितलंय.

ईस्टर ३१ मार्चला झाला अन् मग पत्र. पहिला मसुदा चार पानी, अकरा वचनं. दुसरा दोन पानी, त्यात "पण" सात वेळा, मी लाल पेनानं गोल केले, गुरुजींना शाळेतला जुना मार सूडासारखा परत मिळत होता बहुतेक. मी एकच नियम सांगितला, तुमच्या जिभेनं जे केलं तेवढंच लिहा, त्यानं काय केलं ते लिहू नका, अन् शेवटी काही मागू नका. माफी मागा, पण ती त्यानं द्यायलाच पाहिजे असं लिहू नका. शेवटी अडीच रुपयाच्या आंतरदेशीय पत्रावर सहा ओळी उरल्या. पंगतीत मी तुला यहूदा म्हणालो. लोकं हसली, मी त्यांना थांबवलं नाही, मला बरंही वाटलं. ते पाप होतं. त्याची मी तुझी माफी मागतो. तू काय मानतोस ते तुझं आहे. पप्पा. "मला बरंही वाटलं" हे त्यांनी स्वतः घातलं, मी सांगितलं नव्हतं.

एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. काही नाही. गुरुजी परत चढायला लागले, मी माझं केलं, आता त्याचं काम. ह्या टप्प्यावर मी सगळ्यांना दावीद राजा अन् त्याचा मुलगा अबशालोम ह्यांची गोष्ट वाचायला लावते, उधळ्या पुत्रापेक्षा ती आपल्या घरांच्या जास्त जवळची आहे. अबशालोम भावाला मारून पळाला, तीन वर्षं गशूरात राहिला, मग दावीदानं त्याला यरुशलेमेत परत येऊ दिलं पण तोंड दाखवायचं नाही म्हणाला, अन् पोरगं दोन वर्षं बापाच्या गावात राहूनही बापाला भेटलं नाही. शेवटी मुका घेतला, पण तोवर आत सगळं आंबलं होतं, पुढं बंड झालं, अन् वेशीवरच्या माडीत बसून दावीद रडला, माझ्या पुत्रा अबशालोमा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर. मी गुरुजींना म्हणलं, अर्धी माफी ती दोन वर्षं. पत्र टाकून हिशेब मांडून बसलात तर तुम्ही पण तेच करताय.

जुलैत मावशींच्या फोनवर मेसेज आला. दोन शब्द. "पत्र मिळालं." खाली ना नमस्कार ना काही. गुरुजींनी तो मेसेज मला दाखवला, मग पाळकसाहेबांना, मग परत मला. उत्तर काय देऊ? मी म्हणलं, काही देऊ नका, त्यानं प्रश्न विचारलेला नाही.

ऑगस्टात पोरानं स्वतः ठरवलं, नांदेड स्टेशनाबाहेर, चहाच्या टपरीवर, घरी नाही. गुरुजी अन् मावशी तपोवननं गेले. अर्धा तास. गुरुजींच्या सांगण्याप्रमाणं पावसाबद्दल बोलले, सोयाबीनच्या भावाबद्दल, मावशींच्या गुडघ्याबद्दल. पंगतीचा विषय निघाला नाही. निघताना पोरगा म्हणाला, "तुम्ही लिहिलं की तुम्हाला बरं वाटलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं. खोटं नव्हतं ते." एवढंच. गाडीत मावशी परभणीपर्यंत रडत होत्या, गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

आज कुठं आहे हे. दोन-अडीच महिन्यांनी गुरुजी नांदेडला जातात, पिशवीत मोसंबी, सून नमस्कार करते, गुरुजी "जयभीम" ला हात जोडतात, तोंडानं अजून म्हणत नाहीत. भिंतीवर बाबासाहेबांचा अन् बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली जेवायला बसायचं. पहिल्या वेळी त्यांना कळंना जेवणाआधी प्रार्थना करावी का नको, मनातल्या मनात केली तर नातीनं सगळ्यांसमोर विचारलं, आजोबा झोपले का? मुलगा म्हणाला, नाही, आजोबा जेवायच्या आधी थँक्यू म्हणतात. रात्री राहा असं अजून कोणी म्हणलेलं नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. गुरुजींना ते लागतं. मी त्यांना याकोब-एसाव सांगते, दुरावलेले सख्खे भाऊ, भेटले तेव्हा गळ्यात गळा घालून रडले दोघं, एसाव म्हणाला चल माझ्याबरोबर, याकोब म्हणाला तू हो पुढं, मी लेकराबाळांच्या चालीनं येतो सेईरला, अन् गेला सुक्कोथला. शास्त्रानं त्याला त्याबद्दल बोल लावलेला नाही.

मुलगा अजून गावी आलेला नाही. आंतरदेशीय पत्र त्याच्याकडं आहे, लग्नाच्या पत्रिकेचं ते पाकीट गुरुजींनी मागच्या महिन्यात फोडलं, आत बहिणीनं हातानं लिहिलेली एक चिठ्ठी होती, पप्पा या, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही, ते बोलायला तयार नाहीत.

मावशी प्रभुभोजन घेत नाहीत अजून. गेल्या रविवारी रांग लागली, त्या मागच्या बाकावर बसल्या, अन् गुरुजी ताट पाळकसाहेबांच्या हातात देऊन मागं आले अन् त्यांच्या शेजारी बसले. गुडघा दुखतोय का, असं विचारलं म्हणे. मावशी म्हणल्या, "गुडघा नाही दुखत."

"माहितीये," गुरुजी म्हणाले, अन् गाणं संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.